नाचणी, वरी आणि हरीक : सिंधुदुर्गातील भरडधान्यांचे पोषण आणि बाजार

सिंधुदुर्ग जिल्ह्यात भाताखालोखाल पिढ्यान्‌पिढ्या घरात आलेली धान्ये तीन : नाचणी, वरी आणि हरीक. मालवणीत नाचणीला नाचणो म्हणतात. चौथे धान्य कांग, म्हणजे देशावरचा राळा, आता क्वचितच कोणी पेरतो. ज्वारी-बाजरी ही कोरड्या हवेची पिके असल्याने पावसाळी कोकणात ती रुजली नाहीत. तिथे भाकरी नाचणीचीच झाली. गेल्या काही वर्षांत या साऱ्या धान्यांना 'मिलेट' आणि 'श्री अन्न' अशी नवी नावे मिळाली आणि शहरी दुकानांत त्यांची पाकिटे दिसू लागली. मात्र शेतातला दाणा आणि पाकिटातला पदार्थ यांच्या दरम्यान जी कामे होतात, त्यांवर दोन गोष्टी ठरतात : खाणाऱ्याच्या पोटात किती पोषण पोचते आणि पिकवणाऱ्याच्या हातात किती पैसा पडतो. कणकवली तालुक्यातील फोंडाघाट परिसर नजरेसमोर ठेवून या दोन्ही बाजूंचा विचार या प्रकरणात केला आहे.

जमीन आणि पीक

फोंडाघाट सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. गावातून वर चढणारा घाटरस्ता दाजीपूर आणि राधानगरीमार्गे कोल्हापूरला जातो, तर खाली तोच रस्ता देवगडच्या किनाऱ्याकडे उतरतो. घाटाच्या पायथ्याशी पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. सखल जागी पाणी साठते तिथे भात लावतात. उतारावरची जांभ्याची पातळ माती पाणी धरत नाही. या जमिनीला वरकस किंवा भरड म्हणतात, आणि भरडधान्यांची जागा तीच.

वरकस जमिनीत पूर्वी धान्यांची पाळी ठरलेली असे. पहिल्या वर्षी जमिनीत कस असताना नाचणी, पुढच्या वर्षी वरी, त्यानंतर हरीक, आणि मग काही वर्षे जमीन पडीक ठेवून रान वाढू द्यायचे. सर्वांत जास्त कस मागणारे पीक आधी आणि सर्वांत काटक पीक शेवटी, असा त्यामागचा हिशेब होता. लोकसंख्या वाढली तशी पडीक ठेवण्याची वर्षे कमी होत गेली आणि जमिनीचा कस घटला.

नाचणीचा उगम पूर्व आफ्रिकेतील इथिओपिया-युगांडाच्या उंच प्रदेशात झाला आणि काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली. वरी आणि हरीक मात्र भारतातच लागवडीखाली आलेली धान्ये आहेत. नाचणीचा दाणा अतिशय बारीक असतो. हजार दाण्यांचे वजन जेमतेम अडीच ते तीन ग्रॅम भरते. म्हणून पुनर्लागणीसाठी हेक्टरी चार-पाच किलो बियाणे पुरते. रोपांच्या वाफ्यासाठी कोकणात कवळ, म्हणजे झाडांचा पाला, तोडून, पालापाचोळा पसरून उन्हाळ्यात भाजावळ करतात. तणांचे बी जळून जाते आणि राख खताला होते. पाऊस लागल्यावर तीन-साडेतीन आठवड्यांची रोपे काढून लावतात. तीव्र उतारावर ओळीत लावणी करणे अवघड असते, तिथे भिजलेल्या जमिनीवर रोपे टाकत जाण्याची ठोंब्याची पद्धत रूढ आहे. ती पटकन होते, पण रोपांतले अंतर राहत नाही आणि उत्पन्न कमी येते. भर पावसाळ्यात करपा हा नाचणीचा मुख्य रोग. तो पानावर, कणसाच्या मानेवर आणि कणसावर येतो, आणि मान करपली की कणीस पोचट राहते.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'दापोली १', 'दापोली २' आणि पांढऱ्या दाण्याची 'दापोली सफेद' असे नाचणीचे वाण दिले आहेत. विद्यापीठाचे एक कृषी संशोधन केंद्र फोंडाघाटातच आहे. घाटापलीकडे कोल्हापूरच्या संशोधन केंद्रातून 'फुले नाचणी' आणि 'फुले कासारी' हे नाचणीचे, तर 'फुले एकादशी' हा वरीचा वाण आला. एकादशी हे नावच वरीचा खप कुठे आहे ते सांगून जाते.

या धान्यांचा आणखी एक गुण म्हणजे टिकाऊपणा. नीट वाळवलेल्या नाचणीच्या दाण्याला सहसा कीड लागत नाही, त्यामुळे ती कणगीत वर्षानुवर्षे राहते. भात बुडाला तरी घरात नाचणी असे. डोंगरी गावांत तिला धान्याबरोबरच दुष्काळातील ठेवीचे स्थान होते ते यामुळे.

दाण्यात काय असते

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम धान्यातील प्रमुख घटक असे आहेत :

| धान्य | प्रथिने (ग्रॅम) | स्निग्ध (ग्रॅम) | तंतू (ग्रॅम) | कॅल्शियम (मि.ग्रॅ.) | लोह (मि.ग्रॅ.) |
|---|---|---|---|---|---|
| नाचणी | ७.२ | १.९ | ११.२ | ३६४ | ४.६ |
| वरी | १०.१ | ३.९ | ७.७ | १६ | १.३ |
| हरीक | ८.९ | २.६ | ६.४ | १५ | २.३ |
| ज्वारी | १०.० | १.७ | १०.२ | २८ | ४.० |
| बाजरी | ११.० | ५.४ | ११.५ | २७ | ६.४ |
| गहू | १०.६ | १.५ | ११.२ | ३९ | ४.० |
| पांढरा तांदूळ | ७.९ | ०.५ | २.८ | ७ | ०.७ |

हा तक्ता वाचताना तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, भरडधान्ये सगळी सारखी नाहीत. कॅल्शियममध्ये नाचणीला तोड नाही, पण प्रथिनांत ती तांदळापेक्षाही किंचित मागे आहे. लोहात बाजरी पुढे, तर वरीत लोह बेताचेच. 'मिलेट' या एका शब्दाखाली सगळ्यांचे गुण एकत्र करून सांगितले जातात, तेव्हा एकाचा गुण दुसऱ्याच्या नावावर चढतो. दुसरी गोष्ट, गव्हाशी तुलना केली तर प्रथिने आणि तंतू यांत भरडधान्यांची फारशी आघाडी नाही. मोठा फरक पडतो तो पांढऱ्या तांदळाशी. कोकणातला मुख्य आहार भात आहे, म्हणून ताटातील थोडा भात कमी करून तिथे नाचणीची भाकरी आली तर होणारा लाभ गहू खाणाऱ्या प्रदेशापेक्षा जास्त आहे. तिसरी गोष्ट, तक्त्यातील आकडे कच्च्या धान्याचे आहेत. सडणे, दळणे, भिजवणे, मोड आणणे यांनी ते बदलतात.

कॅल्शियम आणि लोह

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दोन मोठ्या भाकऱ्यांना साधारण १०० ग्रॅम नाचणीचे पीठ लागते, म्हणजे तेवढ्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त गरज कागदावर भागते. दूध-दही रोज परवडत नाही अशा घरासाठी हा मोठा आधार आहे. नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम, असे वाक्य नेहमी ऐकू येते. ते १०० ग्रॅम कोरडे धान्य आणि १०० ग्रॅम पातळ दूध यांची तुलना करून निघालेले आहे. शिवाय नाचणीच्या सालीतील फायटेट आणि ऑक्झलेट हे घटक कॅल्शियमला बांधून ठेवतात, त्यामुळे दुधातील कॅल्शियम जितक्या सहज शोषले जाते तितके नाचणीतील शोषले जात नाही.

लोहाचीही गत तीच. शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह लागते. सालीतील फायटेट आणि टॅनिन लोहाचे शोषण रोखतात. यावर घरगुती स्वयंपाकात जुने उपाय आहेत. धान्य भिजवून मोड आणले की दाण्यातील फायटेज हे विकर जागे होते आणि फायटेट तोडू लागते. आंबील करताना पीठ रात्रभर आंबवले जाते, त्यातही हेच घडते. जेवणात लिंबू, आवळा किंवा कच्ची हिरवी मिरची असली तर त्यातील क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. जेवणाला लागून घेतलेला चहा उलट काम करतो. नाचणीची न्याहारी आणि लगेच चहा, या सवयीत पोषणाचा बराच भाग वाया जातो.

प्रथिनांच्या बाबतीत नाचणीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल चांगल्या प्रमाणात आहे, तर लायसिन कमी. कडधान्यांत याच्या उलट स्थिती असते. म्हणून नाचणीच्या भाकरीबरोबर कुळथाची पिठी हे मालवणी जेवण आहारशास्त्राच्या कसोटीलाही उतरते : दोन्हींतील उणिवा एकमेकांनी भरून निघतात.

मधुमेह, ग्लुटेन आणि आरोग्याचे दावे

भरडधान्ये मधुमेहींसाठी चांगली, या समजाला आधार आहे, पण तो अटींसह. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात भरडधान्यांचा सरासरी ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे रक्तातील साखर किती झपाट्याने वाढते त्याचे माप, ५२.७ आढळला. दळलेला पांढरा तांदूळ आणि मैदा यांच्या तुलनेत तो बराच कमी आहे. मात्र ही सरासरी आहे. अख्खे धान्य, भरड रवा, जाडसर भाकरी यांतील साखर रक्तात हळू उतरते. तेच धान्य बारीक दळून पातळ पेज केली, त्यात गूळ घातला, तर साखर झपाट्याने वाढू शकते. नाचणीच्या पातळ पदार्थांचा निर्देशांक भाकरीपेक्षा जास्त येतो. मधुमेही माणसाने धान्याइतकेच पदार्थाच्या रूपाकडे पाहायला हवे.

या धान्यांत ग्लुटेन नसते, म्हणून गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिअक आजार असलेल्यांना ती चालतात. एक अट इथेही आहे : ज्या गिरणीत गहूही दळला जातो, तिथे दळलेल्या पिठाला ग्लुटेनमुक्त म्हणता येत नाही.

नाचणीच्या तांबूस रंगामागे सालीतील पॉलिफेनॉल द्रव्ये आहेत. ती ऑक्सिडीकरण रोखतात आणि पिष्टाचे पचनही मंदावतात. पांढऱ्या दाण्याच्या वाणात ही द्रव्ये कमी असतात, त्यामुळे त्याची चव सौम्य आणि बिस्किटांचा रंग आकर्षक येतो. तांबड्या आणि पांढऱ्या नाचणीचे उपयोग वेगळे आहेत. एकीला चांगली आणि दुसरीला वाईट ठरवण्याचे कारण नाही.

सावधगिरी कुठे

हरकाचा भात खाऊन चक्कर येते, ही गोष्ट हरीक खाणाऱ्या गावांना जुनी माहीत आहे. दोष धान्याचा नसून बुरशीचा असतो. कापणीच्या वेळी पाऊस आला, कणसे ओली राहिली, तर ॲस्परजिलस जातीच्या बुरशी वाढतात आणि सायक्लोपियाझोनिक आम्ल हे विष तयार होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील बांधवगड व्याघ्र प्रकल्पात दहा हत्ती मेले. त्यांनी हरकाचे, तिथल्या भाषेत कोदोचे, उभे पीक मोठ्या प्रमाणात खाल्ले होते आणि तपासणीत हेच विष आढळले. परतीचा पाऊस ऑक्टोबरातही रेंगाळणाऱ्या कोकणात हरीक नीट वाळवणे म्हणूनच जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकतो.

महाराष्ट्रात महाशिवरात्र, नवरात्र अशा उपवासांच्या दिवसांत भगरीतून, म्हणजे वरीच्या तांदळातून, विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. त्यामागेही बहुधा ओलावा धरलेली भगर आणि जुने सुटे पीठ असते. भगर पाकिटबंद घ्यावी, धुऊन वाळवून घरीच दळावी आणि पीठ फार दिवस ठेवू नये, हा अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनांचा गाभा आहे. वरीत स्निग्ध पदार्थ जवळजवळ चार टक्के असल्याने तिचे पीठ लवकर खवट होते. नाचणीत ते दोन टक्क्यांच्या आत असल्याने तिचे पीठ तुलनेने जास्त टिकते. बाजरीचे पीठ तर काही दिवसांतच कडवट होते. हा फरक स्वयंपाकघराला जितका उपयोगी, तितकाच उद्योगालाही : दूरच्या बाजारात पीठ पाठवायचे असेल तर नाचणी सोयीची, वरी तांदळाच्या रूपातच बरी.

मळणी ते पाकीट

प्रक्रियेच्या दृष्टीने भरडधान्यांचे दोन गट पडतात. नाचणी, ज्वारी, बाजरी यांच्या दाण्यावर काढून टाकण्याजोगे टरफल नसते. मळणी झाली की दाणा दळायला तयार. वरी, हरीक, राळा यांच्यावर कडक टरफल असते, आणि ते काढल्याशिवाय धान्य खाता येत नाही. हरकाला तर टरफलाचे अनेक थर असतात. पूर्वी बायका उखळात मुसळाने हे काम करत. एक वेळच्या हरकाच्या भातासाठी तासन्‌तास कांडावे लागे. हरकाची लागवड घटण्यामागे हे कष्ट एक मोठे कारण आहे. गिरणीत टरफल काढल्यावर वरीचे साधारण ६० ते ७० टक्के तांदूळ मिळतात. म्हणजे एक क्विंटल वरी विकणारा आणि तिचे तांदूळ विकणारा यांच्या भावात फरक पडणारच. पण तो फरक घ्यायला टरफल काढण्याचे यंत्र गावाजवळ हवे. महाराष्ट्रात असा प्रक्रिया उद्योग नाशिक भागात एकवटला आहे. तिथल्या भगर गिरण्या दूरदूरचा कच्चा माल घेतात आणि तयार भगर राज्यभर पाठवतात.

टरफल काढल्यानंतर वरीच्या दाण्याला आणखी घासून पांढरे केले की गिऱ्हाईक खूष होते. पण त्या घासण्यात तंतू, लोह आणि ब गटातील जीवनसत्त्वे भुश्यात जातात. चकचकीत भगर आणि चकचकीत तांदूळ यांच्यात मग पोषणाचा फरक फार उरत नाही.

नाचणीच्या बाबतीत अशीच गोष्ट सत्त्वाची आहे. नाचणी सत्त्व या एकाच नावाने दोन वेगळे पदार्थ विकले जातात. पहिल्या रीतीत नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून तिचे दूध काढतात, ते खाली बसू देतात आणि तळाचा साका वाळवतात. हे सत्त्व पचायला हलके आणि दिसायला पांढरट असते, पण मुख्यतः ते पिष्ट असते. कॅल्शियमचा आणि तंतूंचा मोठा वाटा सालीबरोबर चोथ्यात गेलेला असतो. दुसऱ्या रीतीत नाचणीला मोड आणतात, वाळवतात, मंद भाजतात, दळतात आणि चाळतात. या पिठात साल बऱ्याच अंशी राहते. मोड येताना तयार झालेले ॲमिलेज विकर शिजताना पिष्ट तोडते, त्यामुळे जास्त पीठ घालूनही खीर पातळ राहते. लहान मुलाचे पोट लहान असते. एका वाटीत जास्त धान्य मावले तर त्याला तेवढीच ऊर्जा जास्त मिळते. बाळाच्या पहिल्या घन आहारासाठी मोडाची नाचणी का उपयोगी, याचे उत्तर इथे आहे. विकत घेणाऱ्याने रीत विचारावी आणि विकणाऱ्याने ती पाकिटावर लिहावी.

दर्जाच्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण मात्र याहून साधी आहे : खडे. नाचणी जमिनीवर झोडली की बारीक खडा आणि माती दाण्यात मिसळते, आणि दाणा इतका बारीक की सुपाने पाखडून ती पूर्ण निघत नाही. भाकरी कचकचली की गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानात जात नाही. ताडपत्रीवर मळणी, आणि शक्य असेल तर खडे वेगळे करणारे छोटे यंत्र, या दोन गोष्टींनी नाचणीचा भाव जितका सुधारतो तितका सुंदर पाकिटाने सुधारत नाही.

धोरण आणि भाव

भारत सरकारने २०१८ हे राष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षी या धान्यांना पौष्टिक तृणधान्ये असे अधिकृत नाव दिले. भारताच्या प्रस्तावावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २०२१ मध्ये ठराव करून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केले. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'श्री अन्न' हा शब्द आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने, वजनाने किमान ७० टक्के भरडधान्य असलेल्या पिठावरील कर सुट्या विक्रीला शून्य आणि पाकिटबंद विक्रीला ५ टक्के ठरवला. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ सप्टेंबर २०२३ पासून १५ भरडधान्यांसाठी एकत्रित गुणवत्ता मानके लागू केली.

भरडधान्यांपैकी केंद्राचा किमान आधारभूत भाव ज्वारी, बाजरी आणि नाचणी या तिघींनाच मिळतो. वरी आणि हरीक त्यात नाहीत. नाचणीचा भाव २०१३-१४ मध्ये क्विंटलला १५०० रुपये होता, तो २०२३-२४ मध्ये ३८४६, २०२४-२५ मध्ये ४२९० आणि २०२५-२६ मध्ये ४८८६ रुपये झाला. वाढ मोठी आहे, पण तिचा अर्थ कोकणच्या तुकड्यांच्या शेतीत मोजून पाहावा लागतो. हेक्टरी दहा क्विंटल उत्पन्न धरले तर वीस गुंठ्यांत दोन क्विंटल नाचणी येते. २०२५-२६ च्या आधारभूत भावाने तिचे ९७७२ रुपये होतात. भाजावळ, लावणी, बेणणी (खुरपणी), कापणी, झोडणी यांची मजुरी त्यातून वजा करायची. पुन्हा हा भाव खरेदी केंद्र जवळ असेल तरच हाती येतो. कच्चा दाणा विकून कोकणातला छोटा शेतकरी नाचणीवर उभा राहणे कठीण आहे, ते या आकड्यावरून दिसते.

काही राज्यांनी खरेदीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. ओडिशाने २०१७ मध्ये मिलेट मिशन सुरू केले आणि कोरापुटसारख्या आदिवासी जिल्ह्यांत नाचणी, तिथली मांडिया, शासनाने विकत घेऊन रेशनवर आणि पोषण आहारात दिली. देशातील निम्म्याहून जास्त नाचणी पिकवणाऱ्या कर्नाटकातही दक्षिणेकडील जिल्ह्यांत ती रेशनवर मिळते. दोन्ही ठिकाणी खरेदी आणि खप यांची साखळी शासनानेच जोडली. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात श्री अन्न अभियानासाठी २०० कोटी रुपयांची घोषणा केली. पण राज्याच्या भरडधान्य धोरणाचा भर साहजिकच ज्वारी-बाजरीवर राहतो.

पीक मागे का पडले

वरकस जमिनीवरून नाचणी हटली, त्याची कारणे एकत्र आलेली आहेत. मुंबईला गेलेल्या माणसांमुळे लावणी-झोडणीला हात उरले नाहीत. रेशनवर तांदूळ-गहू स्वस्त मिळू लागला. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून काजू आणि आंब्याच्या लागवडीला पूर्ण अनुदान मिळाले आणि डोंगरउतार बागांनी भरले. काजूपासून मिळणारा पैसा नाचणीपेक्षा जास्त आणि वर्षागणिक कष्ट कमी, त्यामुळे ही निवड शेतकऱ्याच्या दृष्टीने योग्यच होती.

फोंडाघाट परिसरात आणखी एक कारण आहे. घाटमाथ्यावरचे दाजीपूरचे जंगल, म्हणजे १९५८ पासूनचे राधानगरी अभयारण्य, गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. गवे, रानडुकरे आणि माकडे पायथ्याच्या शेतात उतरतात. जंगलाला लागून दहा-वीस गुंठ्यांचा एकटा तुकडा राखणे कोणालाच जमत नाही. एका वाडीतील शेतकऱ्यांनी सलग पट्ट्यात नाचणी केली तर राखण वाटून घेता येते. एकेकट्याने केली तर पीक जनावरांचे.

बाजार कुठे आहे

भरडधान्यांचा महाराष्ट्रातील सर्वांत जुना आणि भरवशाचा पैशाचा बाजार उपवासाचा आहे. आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र अशा दिवसांत भगरीला मागणी असते, आणि त्यासाठी कोणत्याही जाहिरातीची गरज पडत नाही. कोकणातील वरी या बाजारात उतरू शकते, पण टरफल काढण्याची सोय जिल्ह्यात असेल तर.

दुसरा बाजार बाळांचा आणि आजाऱ्यांचा : मोडाच्या नाचणीचे पीठ, सत्त्व, लाडू. तिसरा न्याहारीचा आणि तोंडी लावण्याचा : पापड, कुरडया, घावण्याचे तयार पीठ, बिस्किटे. यात बिस्किटांबाबत सावध राहावे लागते. नाचणीत ग्लुटेन नसल्याने बिस्कीट धरून ठेवायला सहसा मैदा किंवा गहू घालतात, आणि बाजारातील अनेक नाचणी बिस्किटांत नाचणी थोडी आणि मैदा-साखर जास्त असते. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. यादीत नाचणी कितव्या क्रमांकावर आहे ते पाहिले की खरे काय ते कळते. लहान उत्पादकाला यात संधीही आहे : नाचणीची खरी टक्केवारी छापून तो मोठ्या कंपन्यांपेक्षा वेगळा दिसू शकतो.

निर्यातीचा गाजावाजा बराच होतो. भारत जगातील सर्वांत मोठा भरडधान्य उत्पादक असला तरी उत्पादनाचा अगदी लहान हिस्साच बाहेर जातो आणि त्यातही बाजरीसारखे कच्चे धान्य जास्त असते. सिंधुदुर्गातील उत्पादकासाठी परदेशापेक्षा मुंबई-पुण्यातील कोकणी माणूस, गोव्याची बाजारपेठ आणि किनाऱ्यावर येणारा पर्यटक ही गिऱ्हाइके जवळची आणि ओळखीची आहेत. गणपतीला आणि मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी परत जाताना कोकम, काजू, फणसपोळी नेतो. त्या पिशवीत नाचणीचे पीठ जाणे अवघड नाही.

फोंडाघाटची बाजू

फोंडाघाटचे स्थान या उद्योगाला सोयीचे आहे. कणकवलीचे रेल्वे स्थानक आणि मुंबई-गोवा महामार्ग जवळ आहेत. घाटापलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात गूळ पिकतो. नाचणीचे लाडू, चिक्की, खिरीचे मिश्रण यांना गूळ लागतोच. नाचणी घाटाखालची आणि गूळ घाटावरचा, दोन्ही एकाच रस्त्यावर मिळतात.

जिल्ह्याकडे फळप्रक्रियेचा अनुभवही आहे. वेंगुर्ल्याचा काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावोगाव काजू प्रक्रियेचे छोटे कारखाने आहेत आणि तिथे बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत. त्यांचा हंगाम मात्र फेब्रुवारी-मार्चपासून पावसापर्यंतचा : काजू, आंबा, फणस, कोकम सगळे एकदम येते. नाचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापली जाते. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या, उन्हाच्या महिन्यांत वाळवण्याची जागा, शेड, वजनकाटा आणि पाकिटे बंद करण्याचे यंत्र रिकामे असते, त्याच वेळी नाचणी हाती येते. मोड आणून वाळवणे, भाजणे, दळणे ही कामे याच महिन्यांत होऊ शकतात. नाचणीसाठी स्वतंत्र कारखाना उभारण्यापेक्षा असलेल्या फळप्रक्रिया केंद्राचे मोकळे महिने भरणे हा कमी भांडवलाचा मार्ग आहे.

भांडवलासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. बचत गटांना 'उमेद' अभियानातून जोड मिळते. अन्नपदार्थ विकण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते; वार्षिक उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरते, त्यापुढे परवाना.

कामाचा क्रम

गावपातळीवर भरडधान्याचा उद्योग उभा करताना कामांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी धान्य : एका वाडीचा सलग पट्टा, करप्याला दाद न देणारा वाण, ओळीत लावणी आणि ताडपत्रीवर मळणी. मग वाळवण : हरीक आणि वरी तर पूर्ण वाळल्याशिवाय साठवूच नये. त्यानंतर घरची गरज. दोन क्विंटल नाचणीतून कुटुंबाचा वर्षभराचा वाटा आधी बाजूला काढला तर त्याचे मोल बाजारभावात मोजता येत नाही, कारण तेवढेच कॅल्शियम आणि लोह विकत आणणे कितीतरी महाग पडते. उरलेल्या धान्यातील नाचणी मोड आणून पिठाच्या रूपात आणि वरी तांदळाच्या रूपात विकावी, सालीला शक्य तेवढा हात न लावता. यंत्रे शेवटी घ्यावीत, आणि तीही रोजच्या कामापुरती : खडे काढणारे, टरफल काढणारे, लहान गिरणी. यंत्र आधी आणि धान्य नंतर, या क्रमाने सुरू झालेली केंद्रे कच्च्या मालाअभावी बंद पडतात. सालीतला जो भाग राखल्याने पोषण टिकते, त्याच भागाची माहिती पाकिटावर लिहिल्याने जाणकार गिऱ्हाईक चार पैसे जास्त देते. आहार आणि व्यापार यांचे हित या एका ठिकाणी एकत्र येते, आणि भरडधान्याची व्यापारी क्षमता मुख्यतः तिथेच आहे.